२२ बॉम्बे ११२

मुंबईच्या फोर्ट भागातल्या एका वकील-ग्रंथालयात माझी सगळी नोकरी झाली. ग्रंथालयशास्त्राची पदवी घेऊन रुजू झाले तेव्हा पुस्तकं विषयवार लावायची असतात, एवढं पक्कं शिकून आले होते. तिथल्या कपाटांत विषय नव्हतेच, मालिका होत्या. पाठीवर सोनेरी आकडे असलेले चामडी बांधणीचे खंड, एकाशेजारी एक, भिंतभर. आणि मागणारे पुस्तकाचं नाव सांगत नसत, आकडे सांगत. कोर्टात त्या दिवशीच्या प्रकरणांचा बोर्ड पुढे सरकत असायचा, एखादा ज्युनियर धापा टाकत दारात यायचा आणि म्हणायचा, "बाई, बावीस बॉम्बे एकशेबारा." म्हणजे इंडियन लॉ रिपोर्ट्स, मुंबई मालिका, खंड २२, पान ११२. टिळकांवरचा १८९७ सालचा राजद्रोहाचा खटला त्या पानावर सुरू होतो.

हे आकडे आले कुठून, हा प्रश्न मला पहिल्याच पावसाळ्यात पडला. खंड वाळवायला काढले होते आणि मी एकेकाचं मुखपृष्ठ वाचत बसले होते. तेव्हा लक्षात आलं की या भिंतीतलं प्रत्येक कपाट कुणीतरी, कुठल्यातरी अडचणीपोटी उभं केलं आहे. पुढे कायदा शोधायला येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच गोष्ट सांगत आले: हातातला कागद कुणी लिहिला, कधी लिहिला आणि कशासाठी लिहिला, हे आधी बघा. निकालाचं वाक्य त्यानंतर. मुंबई इलाख्यात ही कपाटं कशी भरत गेली, ते इथे त्याचसाठी लिहिते आहे.

मराठेशाहीत न्याय होता आणि त्याचे कागदही होते. पाटीलकीचा, कुलकर्णाचा वाद गोतसभेपुढे यायचा. दोन्ही पक्ष आपापले करीने, म्हणजे लेखी हकिकती, द्यायचे, साक्षी व्हायच्या, सभेचा महजर, म्हणजे निर्णयाचा कागद, व्हायचा. जिंकणाऱ्याला निवाडपत्र मिळायचं, हरणाऱ्याकडून येजितखत, म्हणजे हार मान्य केल्याचा कागद, लिहून घेतलं जायचं. पण हे सगळे कागद त्या वादापुरते, त्या घरापुरते. जिंकलेलं घराणं ते पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवी, कारण वतनाचा तोच आधार. चार कोसांवरच्या दुसऱ्या गावात तसलाच वाद निघाला तर तिथल्या पंचांना हे निवाडपत्र बघायला मिळण्याची सोय नव्हती. रामशास्त्री प्रभुण्यांचं नाव आजही न्यायाचं दुसरं नाव म्हणून घेतलं जातं, पण त्यांचा एखादा निवाडा पानाचा आकडा सांगून काढता येईल असं छापील पुस्तक त्यांच्या काळात नव्हतं. आज हे कागद शोधायचे तर पुण्याच्या पेशवे दफ्तरात जावं लागतं, आणि जाण्याआधी वि. त्र्यं. गुणे यांचा मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेवरचा १९५३ सालचा ग्रंथ वाचावा लागतो. तो माझ्या टेबलावर कायम असे.

पेशवाई संपली, आणि इंग्रज न्यायाधीशापुढे प्रश्न उभा राहिला की इथला कायदा म्हणजे नेमकं काय? माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीत १८२७ साली मुंबई इलाख्याचे रेग्युलेशन्स निघाले. त्यातल्या चौथ्या रेग्युलेशनच्या २६व्या कलमात क्रम लावून दिला आहे. आधी पार्लमेंटचे कायदे आणि सरकारचे रेग्युलेशन्स. ते नसतील तर जिथे दावा उद्भवला त्या मुलखाचा रिवाज. तोही नसेल तर प्रतिवादीचा धर्मकायदा. काहीच नसेल तर न्याय, समन्याय आणि सदसद्विवेक. रिवाज शास्त्राच्या वर ठेवला होता, ही आपल्या इलाख्याची खास गोष्ट. मला ती फार मोलाची वाटते. पण रिवाज सांगणारं पुस्तक कुठे होतं? म्हणून आर्थर स्टील या अधिकाऱ्याने दख्खनमधल्या जातीजातींचे रिवाज विचारून घेतले आणि त्याचा ग्रंथ त्याच १८२७ साली निघाला. लग्न, काडीमोड, पाट, दत्तक, वाटणी, जातीचा दंड, सगळं त्यात आहे. हॅरी बॉरडेल याने सदर अदालत या कंपनीच्या वरिष्ठ कोर्टातले १८०० ते १८२४ या काळातले दिवाणी निकाल छापले. व्यवहारमयूख या धर्मशास्त्रग्रंथाचं इंग्रजी भाषांतरही त्याचंच, सुरतेत छापलेलं.

व्यवहारमयूखाचा कर्ता नीलकंठ भट्ट. घराणं मूळचं पैठणचं, वास्तव्य काशीला. गुजरातेत आणि मुंबई बेटावर त्याचा शब्द वरचढ, तर महाराष्ट्रात मिताक्षरा या ग्रंथाचा. वारसाच्या दाव्यात अशिलाचं गाव कोणतं हे विचारल्याशिवाय कोणतं पुस्तक काढायचं ते ठरत नसे. पुढे १८८० साली विश्वनाथ नारायण मंडलिकांनी मयूखाची संस्कृत संहिता आणि नवं भाषांतर छापलं. मंडलिक रत्नागिरी जिल्ह्यातले, हायकोर्टातले मातब्बर वकील. त्यांच्या ग्रंथाने एक गोष्ट घडली: इंग्रज न्यायाधीशाच्या हातातल्या भाषांतरावर इथला वकील मूळ ग्रंथ उघडून हरकत घेऊ लागला. तोच धागा पुढे पां. वा. काण्यांपर्यंत येतो. ते याच कोर्टात वकिली करणारे. धर्मशास्त्राच्या इतिहासाचे त्यांचे पाच खंड १९३० ते १९६२ या काळात निघाले. कायद्याच्या ग्रंथालयात हे खंड शोभेसाठी ठेवलेले दिसले की मला राग येतो. दत्तकाच्या प्रकरणात एखादं वचन खरंच त्या स्मृतीत आहे का, हे काण्यांच्या तळटिपेत अर्ध्या तासात सापडतं.

बॉरडेल आणि मंडलिक यांच्या मधल्या काळात आणखी एक कपाट आहे आणि ते माझं सगळ्यात आवडतं. कंपनीच्या कोर्टांत शास्त्री नेमलेले असत. न्यायाधीश लेखी प्रश्न पाठवी: अमुक मनुष्य वारला, मागे विधवा आहे आणि वेगळा निघालेला भाऊ आहे, मिळकत कुणाची? शास्त्री उत्तर लिहून देई आणि आधाराचा ग्रंथ सांगे. अशी उत्तरं जिल्ह्याजिल्ह्यांत साठत गेली. १८६४ साली कायदा होऊन शास्त्र्यांची आणि मौलवींची ही पदं संपली. तोवर साठलेल्या या उत्तरांचं, म्हणजे व्यवस्थापत्रांचं, करायचं काय? रेमंड वेस्ट हा न्यायखात्यातला अधिकारी आणि एल्फिन्स्टन कॉलेजात संस्कृत-प्राच्यविद्या शिकवणारा गेओर्ग ब्यूलर, या दोघांनी ती निवडून, लावून छापली. वारसावरचा भाग १८६७ साली, वाटणीवरचा १८६९ साली.

त्या पुस्तकाची मांडणी मी नव्या माणसाला मुद्दाम दाखवत असे. आधी प्रश्न, मग शास्त्र्याचं उत्तर, त्याखाली ठिकाण आणि तारीख, मग आधारग्रंथ, आणि जिथे संपादकांना शास्त्र्याचं पटलं नाही तिथे त्यांचा स्वतंत्र शेरा. कोण काय म्हणालं ते वेगवेगळं ठेवलं आहे. अहमदनगरच्या, पुण्याच्या, धारवाडच्या कोर्टापुढे आलेल्या घरांतले तंटे त्या प्रश्नांत जसेच्या तसे दिसतात. सुनेने सासऱ्याच्या मिळकतीवर हक्क सांगितला, गोसाव्याच्या मागे चेला उरला, दत्तक घेतल्यावर पोटचा मुलगा झाला. आजच्या कुठल्याही टीकाग्रंथात एवढा प्रामाणिकपणा मला क्वचित आढळला. शास्त्री गेले, पण १८६७नंतर पन्नास-साठ वर्षं मुंबईतल्या न्यायाधीशांनी वेस्ट आणि ब्यूलरचा हवाला दिला, तेव्हा त्या नावांमागे ज्यांची नावं छापली गेली नाहीत असे हे शास्त्रीच बोलत होते.

१४ ऑगस्ट १८६२ रोजी मुंबई हायकोर्टाचं कामकाज सुरू झालं. मुंबईचं तेव्हाचं सुप्रीम कोर्ट आणि सदर अदालत ही दोन वेगवेगळी झाडं एका कुंपणात आली. त्याआधीचे निकाल शोधणं म्हणजे कष्टाचं काम. सर अर्स्किन पेरी या मुख्य न्यायाधीशाने १८५३ साली छापलेला निकालसंग्रह, मॉर्लेचं डायजेस्ट, बॉरडेल, असं हिंडावं लागतं. १८६२नंतर मात्र बॉम्बे हायकोर्ट रिपोर्ट्सचे बारा खंड सलग निघाले, १८७५पर्यंत. या बारा खंडांची एक खोड सांगायलाच हवी, कारण नव्या माणसाचा निम्मा दिवस त्यात जातो. एकाच खंडात मूळ दिवाणी शाखा, अपील शाखा आणि फौजदारी यांची पानं स्वतंत्रपणे १ पासून सुरू होतात. त्यामुळे नुसतं "पाचवा खंड, पान १८१" म्हणून भागत नाही. पुढे शाखेची अक्षरं हवीतच.

५ बॉम्बे हायकोर्ट रिपोर्ट्स, अपील शाखा, १८१: रखमाबाई विरुद्ध राधाबाई, १८६८. नवऱ्याने स्पष्ट परवानगी दिलेली नसली तरी महाराष्ट्रातली विधवा दत्तक घेऊ शकते, हे त्यात ठरलं. बंगालमध्ये तसं नव्हतं. इकडच्या हजारो घरांच्या मिळकती या एका निकालाच्या आधाराने एका हातातून दुसऱ्या हातात गेल्या असतील. आणि "बाई, रखमाबाईची केस द्या" असं कुणी म्हणालं की मी विचारायचे, कोणती? कारण लोकांच्या मनात असते ती दुसरी, डॉ. रखमाबाईंची. ती शोधायला बारा खंडांच्या पलीकडच्या कपाटाशी जावं लागतं.

ते कपाट १८७५ सालच्या एका छोट्याशा कायद्याने जन्माला आलं. खाजगी रिपोर्ट भाराभर निघत होते आणि एकाच निकालाची वेगवेगळी रूपं कोर्टापुढे येत होती. इंडियन लॉ रिपोर्ट्स अ‍ॅक्टने सांगितलं की सरकारच्या अधिकाराने छापलेल्या रिपोर्टाखेरीज दुसरा रिपोर्ट ऐकून घेण्याचं किंवा बंधनकारक मानण्याचं बंधन कोर्टावर नाही. १८७६ पासून मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि अलाहाबाद अशा चार मालिका सुरू झाल्या. मुंबई मालिकेचा खंड उघडला की आधी पक्षकारांची नावं, न्यायाधीश, तारीख, मग हेडनोट म्हणजे निकालाचा सारांश, मग हकिकत, मग दोन्ही बाजूंच्या वकिलांचे युक्तिवाद त्यांनी दाखवलेल्या आधारांसकट, आणि त्यानंतर न्यायनिर्णय. युक्तिवाद छापण्याची ही पद्धत फार उपयोगी. एखादा मुद्दा न्यायाधीशांनी नाकारला की तो त्यांच्यापुढे आलाच नव्हता, हे त्यातून कळतं. हेडनोट मात्र रिपोर्टरने लिहिलेली असते. न्यायाधीशाच्या शब्दाचं वजन तिला नाही.

डॉ. रखमाबाईंचं प्रकरण हा त्याचा उत्तम नमुना. अकराव्या वर्षी लग्न झालेलं, नांदायला गेलेल्या नाहीत. नवरा दादाजी भिकाजी याने दावा लावला की बायको नांदायला पाठवा. ९ बॉम्बे ५२९ इथे न्यायमूर्ती पिन्हे यांचा १८८५ सालचा निकाल आहे. त्यांनी दावा फेटाळला. जिने कधी संसार मांडलाच नाही अशा स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध त्या माणसाच्या घरी ढकलायला मला कोणताही कायदा भाग पाडत नाही, असा त्यांचा रोख. १० बॉम्बे ३०१ इथे अपील आहे. मुख्य न्यायाधीश सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी तो निकाल फिरवला. त्यांच्यापुढे प्रिव्ही कौन्सिलचा १८६७चा निकाल होता, मूर इंडियन अपील्सच्या अकराव्या खंडात पान ५५१वर. तोही काढून वाचला तर दिसतं की ते प्रकरण एका मुसलमान पतिपत्नीचं होतं. हिंदू मुलीच्या संसाराचा प्रश्न त्या वाटेने इंग्लंडच्या धर्मकोर्टांत घडलेल्या दाव्याच्या एका प्रकाराशी जोडला गेला होता. ही जोडणी हेडनोटच्या चार ओळींत दिसत नाही. तिन्ही खंड टेबलावर शेजारी शेजारी उघडून ठेवले की दिसते.

आणि खंडांत न येणारंही बरंच उरतं. १८८५ सालीच टाइम्स ऑफ इंडियात 'अ हिंदू लेडी' या सहीने पत्रं आली, ती रखमाबाईंची होती. १८८७च्या मार्चमध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी महिन्याभरात नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग, असा हुकूम केला. त्यावर मी तुरुंगात जाईन हे त्यांचं उत्तर, १८८८ची तडजोड, विलायतेतलं वैद्यकीय शिक्षण, हे वृत्तपत्रांत आणि चरित्रांत शोधावं लागतं. कायद्याच्या विद्यार्थ्याला मी मोहिनी वर्दे यांचं मराठी चरित्र हातात द्यायचे. पुष्कळांना ते अवांतर वाटे. मला वाटत नाही. पक्षकार जिवंत माणूस होता हे ठाऊक असलेला वकील निकाल वेगळ्या डोळ्यांनी वाचतो.

सरकारी मालिकेचा दोष एकच, ती सावकाश निघे. ती पोकळी खाजगी माणसांनी भरली. रतनलाल रणछोडदास आणि धीरजलाल ठाकोर यांनी १८९९ साली बॉम्बे लॉ रिपोर्टर सुरू केला. वकिलांच्या तोंडी तो "बॉम एलआर". १८७५च्या कायद्याने कोर्टावर सक्ती नव्हती, पण मनाईही नव्हती. बॉम एलआर अंक लवकर हाती देई, म्हणून तो दाखवला जाऊ लागला आणि टिकला. नागपूरच्या वा. वा. चितळे यांनी तर साऱ्या देशाचा रिपोर्टर काढला. ऑल इंडिया रिपोर्टरचे (एआयआर) खंड १९१४पासूनचे आहेत. त्या वेळी नागपूरला हायकोर्टसुद्धा नव्हतं, ज्युडिशियल कमिशनरचं कोर्ट होतं. हायकोर्ट आलं १९३६ साली. लाहोरपासून मद्रासपर्यंतचे निकाल एका पद्धतीने, वर्षवार आणि कोर्टवार लावून, एका मराठी वकिलाच्या उद्योगातून देशभरच्या कपाटांत पोचले, याचा मला अभिमान आहे. दिनशा मुल्ला हे पारशी, पण त्यांचं हिंदू कायद्यावरचं पुस्तक १९१२पासून आजतागायत वकिलांच्या टेबलावर आहे.

आता २२ बॉम्बे ११२कडे येते, कारण शोधलेला निकाल पुढे जगला की मेला हे बघायचं असतं, आणि ते शिकवायला यासारखं दुसरं प्रकरण नाही. राजद्रोहाचं कलम १२४-अ दंड संहितेत १८७० साली आलं. १८९७ साली न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्युरीला सांगितलं की सरकारविषयी द्वेषाची, वैराची भावना उत्पन्न करण्याचा प्रयत्न केला एवढं पुरे. दंगा झालाच पाहिजे किंवा त्याची चिथावणी दिलीच पाहिजे, असं नाही. सहा विरुद्ध तीन मतांनी टिळक दोषी ठरले, शिक्षा अठरा महिने. पुढच्याच वर्षी कलमाचे शब्द बदलले, म्हणून १८९७चा निकाल वाचताना शेजारी जुना मजकूर ठेवावा लागतो. १९०८चा खटला १० बॉम एलआर ८४८ इथे आहे: न्यायमूर्ती दावर, ज्युरी सात विरुद्ध दोन, सहा वर्षं मंडाले. १९१६चं प्रकरण १९ बॉम एलआर २११ इथे. त्यात टिळकांच्या बाजूने बॅरिस्टर जिना उभे होते आणि न्यायमूर्ती बॅचलर व शहा यांनी जामीन मागणारा हुकूम रद्द केला. तीन प्रकरणं ओळीने वाचली की एकाच कोर्टात, एकाच माणसाच्या लेखांवर आणि भाषणांवर कलमाचा हात कुठे जड पडला आणि कुठे सैल, ते समजतं.

शोध तिथे थांबत नाही. १९४२ साली फेडरल कोर्टाने निहारेंदु दत्त मजुमदार यांच्या प्रकरणात म्हटलं की सार्वजनिक शांततेला धोका असल्याशिवाय हा गुन्हा होत नाही. झालं, स्ट्रॅचींचं मत मागे पडलं, असं समजून १९४३ साली युक्तिवाद करणारा वकील बरोबर होता. पण १९४७ साली सदाशिव नारायण भालेराव यांच्या प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने सांगितलं की फेडरल कोर्ट चुकलं, स्ट्रॅची बरोबर. एआयआर १९४७ पीसी ८२. मग १९६२ साली केदारनाथ सिंग यांच्या प्रकरणात पाच न्यायमूर्तींनी फेडरल कोर्टाचा अर्थ पुन्हा उचलला: हिंसेची चिथावणी किंवा अव्यवस्थेकडे कल असेल तरच गुन्हा. एआयआर १९६२ एससी ९५५. ११ मे २०२२ रोजी सुप्रीम कोर्टाने कलमाचा वापर स्थगित केला, आणि १ जुलै २०२४पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तिचं कलम १५२ वेगळ्या शब्दांत आहे. मधल्या कुठल्याही वर्षी जो थांबला तो कोर्टात उघडा पडला असता.

ही साखळी हाताने कशी जोडायची? डायजेस्टच्या खंडांत कोणता निकाल कुठे मानला, कुठे वेगळा काढला, कुठे ओव्हररूल केला याचे तक्ते असतात. दर वर्षाचा तक्ता निकालाच्या वर्षापासून पुढे चाळत यायचं. कंटाळवाणं काम आहे. आमच्या प्रतीत २२ बॉम्बेच्या समासात वेगवेगळ्या हातांनी, वेगवेगळ्या शिसपेन्सिलींनी पुढचे आकडे लिहून ठेवलेले आहेत. पुस्तकात लिहू नये हा ग्रंथालयाचा नियम मी सगळीकडे पाळला. त्या समासांतलं अक्षर मात्र कधी खोडू दिलं नाही.

दुसरी गोष्ट तारखेची. वारसाचं प्रकरण घेऊन कुणी आलं की माझा पहिला प्रश्न असे, आजोबा कधी वारले? १४ एप्रिल १९३७च्या आधी वारले तर विधवेचा वाटा वेगळा, त्यानंतर वेगळा. १७ जून १९५६ला हिंदू उत्तराधिकार कायदा आला. महाराष्ट्राने २२ जून १९९४पासून त्या तारखेपूर्वी लग्न न झालेल्या मुलींना सहदायाद, म्हणजे एकत्र मिळकतीत जन्मतः वाटेकरी, केलं. केंद्राची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ची. त्या दिवशी वडील हयात हवेत की नकोत यावर सुप्रीम कोर्टाचे २०१५ आणि २०१८चे निकाल एकमेकांशी जुळेनात, आणि ११ ऑगस्ट २०२०च्या विनीता शर्मा निकालाने तो गुंता सोडवला: वडील हयात असण्याची अट नाही. कुळकायद्याचंही तसंच. १ एप्रिल १९५७ला, कृषक दिनी, कलम ३२ कसं होतं हे आजच्या बेअर अ‍ॅक्टमध्ये बघून चालत नाही. म्हणून मुल्लांच्या, कुळकायद्याच्या, महसूल संहितेच्या जुन्या आवृत्त्या हव्यात. "नवी आवृत्ती आली, जुनी काढून टाका" हा आदेश ग्रंथालय समित्या दर काही वर्षांनी काढतात. मी दर वेळी विरोध केला. जुनी आवृत्ती त्या वर्षाच्या माणसाचा कायदा असते, आणि त्या वर्षीच्या व्यवहारावरचे दावे आजही उभे राहतात.

गोव्यात तर हे आणखी तीव्रतेने जाणवतं. तिथे १८६७चा पोर्तुगीज दिवाणी कायदा कुटुंबविषयक बाबतीत मुक्तीनंतरही चालू राहिला. वारसाचा भाग २०१२च्या कायद्याने नव्याने लिहिला गेला, तरी जुन्या इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांतल्या वाटणीच्या, प्रकरणांसाठी मूळचे गोव्याचे असलेले लुईस द कुन्हा गोन्साल्विस यांचे पोर्तुगीज टीकाग्रंथ पणजीच्या वकिलांना उघडावे लागतात. ते वाचता येणारी माणसं आता थोडी उरली आहेत.

संगणक आला तेव्हा मला आनंदच झाला. वर्षानुवर्षांचे तक्ते चाळण्याचं काम क्षणात होऊ लागलं. सुप्रीम कोर्टाचे अधिकृत रिपोर्ट २०२३पासून कुणालाही फुकट वाचता येतात. तालुक्याच्या वकिलाला याची किंमत विचारा. २०२३पासून निकालांना कोर्टाचा स्वतःचा क्रमांकही मिळतो, त्यामुळे कुणा प्रकाशकाच्या पानावर अवलंबून राहावं लागत नाही. न्यायनिर्णय कुणा प्रकाशकाच्या मालकीचा नाही, पण संपादकाने स्वतःच्या कसबाने घातलेली भर त्याची, हे डी. बी. मोडक प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितलं, (२००८) १ एससीसी १. पडद्यावर मात्र हेडनोट कुठे संपते आणि न्यायमूर्ती कुठे बोलू लागतात ही सीमा पुसट होते. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली वकिलांनी यंत्राकडून घेतलेले, अस्तित्वातच नसलेले निकाल कोर्टापुढे मांडले आणि पाच हजार डॉलर दंड भरला. आकडा घेऊन कपाटाशी जाण्याची सवय असती तर ते पान नाही हे दोन मिनिटांत कळलं असतं.

माझी चिंता १८६२ ते १८७५च्या बारा खंडांची आहे, वेस्ट आणि ब्यूलरची आहे, स्टीलची आहे. जिल्ह्याच्या वकील-ग्रंथालयांत हे संच होते, काही ठिकाणी अजून आहेत, पण कुठे चौथा खंड नाही तर कुठे नवव्याला कसर लागली आहे. कोणत्या जिल्ह्यात कोणता खंड शाबूत आहे याची एक यादी व्हायला हवी. ते काम एखाद्या वकील संघाने दोन तरुण ग्रंथपालांना दिलं तरी वर्षभरात होईल. आणि खंडांच्या प्रती पडद्यावर चढवताना मुखपृष्ठ, शुद्धिपत्र, प्रकरणांची सूची आणि समासातली पेन्सिल वगळू नये. चढवणारे बहुधा हीच पानं सोडतात, आणि शोधणाऱ्याला नेमकी तीच लागतात.